नवे महाबळेश्वर आणि जुन्या पेठेचा हिशेब

नव्या दुकानाची पाटी रंगवावयास देण्यापूर्वी जुन्या दुकानाची खतावणी एकदा उघडून पाहावी, ही अगदी साधी व्यापारी रीत आहे. नफा किती झाला, देणे किती राहिले, आणि माल कोणाच्या पदरचा विकला गेला, हे पाहिल्याशिवाय दुसरी शाखा काढणाऱ्यास बाजारात कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु जे शहाणपण वाण्याच्या पेढीवर सर्वमान्य आहे ते सरकारच्या कचेरीत सर्वमान्य असतेच असे नाही. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ‘नवे महाबळेश्वर’ वसविण्याचा जो संकल्प चालला आहे, त्यावरून आम्हांस हे म्हणावे लागत आहे. २०१९ साली ५२ गावांच्या मुलखासाठी राज्य रस्ते विकास महामंडळास नियोजनाचे अधिकार देण्यात आले. पुढे गावे वाढत गेली, आणि २०२४ साली जो प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवण्यात आला त्यात २३५ गावे व सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर मुलूख आला. ह्यावर हरकती व सूचना मागविल्या गेल्या, आणि अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले. आमचे म्हणणे त्याहून थोडके आहे. ज्या गावाचे नाव ह्या नव्या उद्योगास दिले आहे, त्या जुन्या महाबळेश्वराचा हिशेब आधी मांडा.

महाबळेश्वर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे धुके, दऱ्या आणि टोके उभी राहतात. पण ह्या वस्तीचे जन्मनाव पाहिले तर त्यात दरीही नाही आणि धुकेही नाही. ते नाव आहे ‘माल्कम पेठ’. म्हणजे सृष्टिसौंदर्य मागाहून आले, बाजार आधी आला. मूळचे क्षेत्र महाबळेश्वर पाच-सहा किलोमीटर पलीकडे, पंचगंगेच्या देवळापाशी. तेथे यात्रेकरू शतकानुशतके येत होते, स्नान करून परत जात होते, आणि डोंगर जसाच्या तसा राहत होता. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज सेनाधिकारी ह्या माथ्यावर चढला, आणि त्याने हवेची तारीफ खाली नेली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यास ती पटली. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन, वाईकडील खंडाळे गाव त्यांस देऊन हा माथा कंपनी सरकारने घेतला. राजाने रस्ता बांधविला, पेठ वसली, आणि पेठेस नाव मिळाले ते गव्हर्नरसाहेबांचे. डोंगर देणाऱ्या राजास मात्र दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने गादीवरून काढून काशीस पाठविले, व १८४७ साली तो तेथेच वारला. हिशेबाच्या पहिल्याच पानावर ही नोंद आहे. डोंगर देणारा एक आणि डोंगर भोगणारा दुसरा, हा परिपाठ महाबळेश्वरी त्या दिवसापासून चालू झाला.

दुसरी नोंद कैद्यांची आहे. १८३४ च्या सुमारास येथे तुरुंग बांधून चिनी व मलायी कैदी आणून ठेवण्यात आले, आणि १८६४ पर्यंत तो तुरुंग चालला. ह्या परदेशी बंदिवानांनी बटाटे व विलायती भाजीपाला लावला, वेताच्या टोपल्या व खुर्च्या विणल्या, आणि ती विद्या आसपासच्या लोकांनी उचलली. आज बाजारात वेताचे सामान व हाती धरावयाच्या काठ्या विकत घेणाऱ्या किती जणांस ह्याची आठवण असेल? स्ट्रॉबेरीही इंग्रजांनी आणली. पण ती आज येथल्या शेतकऱ्यांची आहे, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. देशात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा भाग ह्याच तालुक्यातून व त्याच्या आसपासच्या टापूतून जातो. तेव्हा बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू डोंगरास घातक असते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती येथल्या माणसाच्या हातात पडली की गोड होते, एवढे मात्र हा फळाचा इतिहास सांगतो.

आता ज्या जमिनीवर ही पेठ बसली आहे तिच्याकडे वळू, कारण खरे भांडवल तेथे आहे. हा सारा डोंगर ज्वालामुखीच्या शिलारसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईला लांबच लांब भेगा पडून त्यांतून रस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. असे थरावर थर चढून महाबळेश्वरापाशी त्यांची जाडी एक हजार मीटरांहून अधिक झाली. पोलादपुराकडून आंबेनळीच्या घाटाने वर येताना कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या ह्या थरांच्या होत. दोन थरांमध्ये मधूनमधून विटकरी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक रस थिजल्यावर आणि दुसरा येईपर्यंत जी जमीन झिजली तिची ती खूण. भूगर्भशास्त्रज्ञांनी ह्या थरांतील एका समूहास महाबळेश्वराचेच नाव दिले आहे, व जगातील अभ्यासक तो पाहावयास येतात. आपल्याकडील सहली मात्र त्याच कड्यापाशी उभ्या राहून फक्त माकडे पाहतात, ही गोष्ट वेगळी.

काळ्या पाषाणाच्या ह्या रचलेल्या भिंतीवर सर्वांत वर जांभ्याची टोपी आहे. लक्षावधी वर्षे ऊन आणि पाऊस खाऊन काळा दगडच वरच्या अंगास असा तांबडा व सच्छिद्र झाला. त्यातील विरघळण्याजोगे द्रव्य निघून गेले, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. पाचगणीचे टेबललँड हे त्याचेच सपाट रूप. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, आणि त्याच्या बुडाशी चिकणमातीचा थर असल्यामुळे प्यालेले पाणी खाली न जाता कडेने पाझरते. पावसाळ्यात येथे सरासरी पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीस तो निम्म्याहूनही कमी होतो, आणि वाईस त्याच्याही निम्म्यावर येतो. चार महिन्यांत कोसळणारे हे पाणी उरलेल्या आठ महिन्यांस पुरवावयाचे, हे काम जांभ्याने आणि त्यावरच्या रानाने मिळून करावयाचे असते. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ह्यांचे ठेंगणे पण घनदाट सदाहरित रान पाऊस अंगावर झेलते, पालापाचोळ्यात मुरवते, आणि झऱ्यांस हप्त्याहप्त्याने देते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम लोक एका गोमुखाशी मानतात. भाविकाची ती श्रद्धा असो. पण माथ्यावरच्या एकाच तांबड्या दगडाने व एकाच रानाने ह्या नद्यांस पोसले आहे, ही गोष्ट शास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे. सावित्री बाणकोटापाशी अरबी समुद्रास मिळते, आणि कृष्णा चार राज्ये ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. महाबळेश्वरी एखादा झरा आटला तर त्याची झळ साबणे रोडवरील दुकानदारापुरती राहत नाही, ती अशी दूरवर जाते.

ह्या रानाची किंमत ज्याने सर्वांत आधी चुकती केली तो कोण, हेही सांगितले पाहिजे. ह्या डोंगरातील जांभ्यात लोह आहे, आणि धावड नावाचे गरीब कारागीर ते भट्टीत गाळून लोखंड करीत असत. भट्टीस कोळसा लागे, कोळशास झाडे लागत; म्हणून रानाच्या रक्षणार्थ त्यांचा धंदा बंद पडला. धनगर व डोंगरकुळवाडी लोकांची रान भाजून पीक घेण्याची रीतही अशीच आवळण्यात आली. रान राखणे जरूर होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण एका धावडाच्या भट्टीस जो न्याय लागला, तोच न्याय शंभर खोल्यांच्या विश्रामगृहास का लागू नये, ह्याचे उत्तर आम्हांस आजवर मिळालेले नाही. भट्टी विझवावयास एक शिपाई पुरला. आज बेकायदा बांधकामे पाडावयास न्यायालयाचे हुकूम, पोलिसांचा बंदोबस्त आणि यंत्रे एवढे सगळे लागते, आणि पाडलेले पुढच्या हंगामाच्या आत कित्येक ठिकाणी पुन्हा उभे राहते.

मे महिन्यात ह्या पेठेत एक फेरी मारून पाहावी. चपला, काठ्या, फुटाणे, मुरंबे, मध, मक्याची कणसे; वेण्णा तलावावर घोडे, नावा आणि लालचुटूक गाजरांच्या जुड्या. बाजार गजबजलेला असतो, आणि त्यात आनंद वाटण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही काही उपासतापास सांगणारे नव्हे. पण त्याच वेळी पाचगणीपर्यंत मोटारींची रांग लागलेली असते, ओढ्याच्या पात्रात प्लास्टिकच्या बाटल्या लोळत असतात, आणि गल्लीबोळांतून पाण्याचे टँकर वाट काढीत असतात. ज्या गावावर सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे विकतचे पाणी! वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. आज महाबळेश्वर व पाचगणी ह्या दोन्ही गावांची तहान प्रामुख्याने त्याच जुन्या तलावावर भागते. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वरी सुमारे तेरा हजार माणसे मोजली गेली. सुटीच्या दिवसांत त्यावर जी भर पडते तिच्या स्नानाचे, धुण्याचे व मलमूत्राचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न सभ्य लोकांत विचारण्याची चाल नाही. पण जांभा सच्छिद्र आहे. जो दगड पावसाचे पाणी पितो तो शोषखड्ड्याचेही पाणी पितो, आणि कडेच्या झऱ्यातून दोन्हीही बाहेर येतात. खालच्या वाडीतील बाई ज्या झऱ्यावर घागर लावते, त्या झऱ्यास वरच्या माडीवर कोण उतरला आहे हे ठाऊक नसते. आणि हा झरा वैशाखात आटला तर तिला दरी उतरून जावे लागते. टँकर तिच्या वाडीपर्यंत येईलच असा नेम नाही.

ह्या सर्वांस कायदा नाही असे नव्हे. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. डोंगर किती माणसे, किती गाड्या, किती पाणी सोसू शकतो त्याचा अभ्यास करून मग पर्यटन बेतावे, हे तत्त्व त्यात आहे. वृक्षतोड, खाणकाम, बांधकाम ह्यांवर बंधने आहेत. कायदा उत्तम आहे. परंतु कायद्याचा जाच कोणास होतो हे पाहू गेले तर चित्र निराळे दिसते. गावच्या शेतकऱ्यास वडिलोपार्जित घराची पडकी भिंत उभारावयाची तर तो परवानगीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवितो. ज्याच्यापाशी वकील आहे त्याची इमारत आधी उभी राहते आणि कागद मागाहून येतात. असा कायदा गरिबास शत्रूसारखा वाटू लागला तर दोष गरिबाचा नव्हे. रानाचे रक्षण लोकांस प्रिय व्हावे असे वाटत असेल, तर त्याची बंधने वरून खाली उतरली पाहिजेत.

कोणी माथेरानचा दाखला देईल. तेथेही जांभा आहे, रान आहे, आणि मोटारीस बंदी आहे. २००३ साली तोही टापू संवेदनशील ठरला, व १९०७ पासून चालू झालेली छोटी आगगाडी त्याचा अभिमान आहे. दाखला चांगला आहे, पण तोही पुरता डोळे उघडून द्यावा. माथेरानची हवा शुद्ध राहिली, पण माणसाने माणसास ओढावयाची रिक्षा तेथे स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षांहून अधिक चालली, आणि ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला. झाडास जपताना माणूस जनावराच्या जागी जुंपला जावा, ही सुधारणा नव्हे.

आता नव्या महाबळेश्वराकडे येऊ. हा मुलूख रिकामा आहे असे नकाशा पाहणाऱ्यास वाटेल. एका अंगास कोयना अभयारण्य व २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प, दुसऱ्या अंगास कासचे पठार. कास व कोयना हे दोन्ही २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मध्ये जी गावे राहिली त्यांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९५०-६० च्या दशकांत कोयनेस धरण झाले, शिवसागराच्या पाण्याने सुमारे शंभर गावांस उठविले किंवा त्यांच्या जमिनी घेतल्या. महाराष्ट्राच्या कारखान्यांस वीज मिळाली. कित्येक कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली, आणि जी डोंगराच्या वरच्या अंगास सरकली त्यांच्या वाड्यांवर वीज पोहोचावयास बरीच वर्षे लागली. कांदाटी खोऱ्यातील माणसास आजारी मूल घेऊन तापोळ्यास यावयाचे तर पाण्यावरून लाँचने यावे लागे. तरुण मंडळी मुंबईस माथाडीच्या कामास गेली. गावात म्हातारी माणसे व देवळे राहिली. अशा ओस पडत चाललेल्या मुलखातील जमिनी बाहेरच्यांनी अल्प किमतीस घेतल्याच्या तक्रारी २०२४ साली वर्तमानपत्रांत गाजल्या. आराखडा अजून कागदावर आहे आणि खरेदीदार मात्र बांधावर येऊन उभा आहे, ही गोष्ट कोणास कळत नाही असे सरकारने समजू नये.

शिवाय हा डोंगर हलतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या वाचकांतील वृद्ध मंडळी विसरली नसतील. आणि २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दोन दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी घरांवर आल्या, व घाटाखाली महाड तालुक्यातील तळीये गाव गाडले जाऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाण्याने फुगलेली माती उताराने सुटते, आणि उतार कापला की ती आणखी लवकर सुटते. रस्ता रुंद करण्यासाठी जे यंत्र लागते ते हा विचार करीत नाही. तो यंत्रामागच्या माणसाने करावयाचा असतो.

ह्यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. वर्तमानपत्रवाल्यांचे काय जाते, डोंगरातील माणसाने पिढ्यान् पिढ्या मुंबईस ओझीच वाहावी काय, असे कोणी विचारील. नाही, त्याने ओझी वाहू नयेत हीच आमची इच्छा आहे. आणि म्हणूनच आम्ही विचारतो की, विश्रामगृह झाल्यावर तो त्याचा मालक होणार की दाराशी उभा राहणारा चाकर होणार? जुन्या पेठेने ह्याचे उत्तर दिलेले आहे. जेथे जमीन स्थानिकाच्या हाती राहिली, तेथे स्ट्रॉबेरीच्या वाफ्याने त्याचे पक्के घर झाले. भिलार गावाने २०१७ साली आपल्या घरांचे दरवाजे पुस्तकांसाठी उघडले, तेथे पाहुणा येतो तो गावकऱ्याच्याच ओसरीवर बसतो. मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथल्या सातेरी मधमाशीस सिमेंटच्या रस्त्याचा काही उपयोग नाही. तिला जांभूळ फुललेले पाहिजे, हिरडा फुललेला पाहिजे, सात वर्षांनी कारवी फुलली पाहिजे. रान उभे असेपर्यंतच तिचा धंदा चालतो, आणि तिच्या मालकाचाही. रान राखणे आणि पोट भरणे ह्यांत वैर आहे असे जे म्हणतात, त्यांनी मांघरास एकदा जाऊन यावे.

तेव्हा आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांत अशक्य असे काही नाही. जुन्या महाबळेश्वरी सांडपाण्याची पुरती व्यवस्था होईतो तेथे नवी खोली बांधू देऊ नये. ज्या गाड्यांस उभे राहावयास जागा नाही त्या पायथ्याशी ठेवून एस. टी. च्या गाड्यांनी माणसे वर न्यावीत. मोटारवाल्यांस हे रुचणार नाही, पण घाटात चार तास खोळंबणे तरी त्यांस कोठे रुचते? नव्या मुलखात वनहक्काचे २००६ च्या कायद्याखालील दावे आधी निकालात काढावे, म्हणजे जमिनीचा मालक कोण हे ठरेल; ते ठरण्यापूर्वी आराखडा मंजूर करणे म्हणजे घरधन्यास न विचारता त्याच्या माजघरात भाडेकरू आणून बसविण्यासारखे आहे. दवाखाना, शाळा आणि पावसाळ्यात न तुटणारी वाट ह्या गोष्टींसाठी पर्यटकाची वाट पाहावयास लावू नये. त्या धरणासाठी उठलेल्या लोकांचे जुने देणे आहेत.

आणि एक शेवटची मागणी आहे. आराखड्याच्या नकाशात रस्ते आहेत, विभाग आहेत, प्रेक्षणीय स्थळे आहेत. त्यात प्रत्येक गावचे झरे दाखवावे. वैशाखात, पाणी सर्वांत कमी असते तेव्हा, भूजल खात्याच्या माणसाने गावच्या बायांबरोबर एकेका झऱ्यापाशी जावे, कोणता वाहतो, कोणता आटला, कोणता किती वर्षांपूर्वी आटला हे त्यांस विचारून लिहून घ्यावे. कारण पाणी त्याच भरतात आणि ही माहिती त्यांच्याच जवळ आहे. मग ती यादी चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी. २३५ गावांस हे काम फार तर दोन उन्हाळ्यांचे आहे.